गोचिडीच्या पोटातला पुरावा

ज्यांचे बालपण गोठ्याच्या आसपास गेले त्यांना गोचीड म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. म्हशीच्या कानात, कासेच्या बाजूला, शेपटीच्या मुळाशी ती रक्त पिऊन अशी फुगते की लांबून पाहणाऱ्याला एरंडीची बीच चिकटली आहे असे वाटावे. गंमत म्हणजे लॅटिन भाषेत गोचिडीला ‘रिसिनस’ म्हणत, आणि बीचे हे साम्य पाहूनच एरंडाच्या झाडालाही तेच नाव मिळाले. आपल्याकडे दोन तास बसून न उठणाऱ्या पाहुण्याला गोचीड म्हणतात, ते मला त्याहून नेमके वाटते. कारण या आठ पायांच्या, कोळी-विंचवाच्या गोतातल्या जीवाचे सारे सामर्थ्य चिकटून राहण्यातच आहे. डास येतो, चावतो, उडून जातो. गोचीड तोंड रुतवून दिवसेंदिवस मुक्काम करते, आणि या मुक्कामात तिच्या पोटातले जंतू यजमानाच्या अंगात उतरतात.

हे जंतू माणसाने कसे हुडकले, त्याचा इतिहास मी या व्याख्यानासाठी निवडला आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरने जीवाणूंच्या शोधावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. आमच्या पद्धतीत रुग्णाची हकिकत ऐकून घेण्याला फार महत्त्व आहे. आणि हा इतिहास वाचताना मला पुन्हा पुन्हा दिसले की यात सूक्ष्मदर्शकाइतकेच मोल हकिकतीला आहे. माझा अधिकार तेवढाच. गोष्ट बहुतेक अमेरिकेत घडते. शेवटी आपण आपल्या रानात येऊ.

सुरुवात जनावरांपासून करावी लागते. टेक्सासमधून गुरे उत्तरेकडे नेली की वाटेवरची स्थानिक गुरे तापाने मरत, टेक्सासची मात्र धडधाकट राहत. गुराखी म्हणत, हे गोचिडीचे काम. शिकलेल्यांनी ते हसण्यावारी नेले. १८९३ मध्ये थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी सरळ प्रयोग करून दाखवले की गुराख्यांचे म्हणणे खरे आहे. त्या तापाचा जंतू जीवाणू नव्हता, रक्ताच्या तांबड्या पेशीत राहणारा एकपेशी परजीवी होता. पण रक्त पिणारी गोचीड रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेते, हे पक्के झाले. मग माणसाकडेही नेत असेल का?

हा प्रश्न मोंटाना राज्यातल्या बिटररूट खोऱ्यात धसास लागला. बिटररूट म्हणजे कडू मूळ. त्या नावाची रानफुले तिथे उगवतात, खोरे मोठे देखणे आहे, आणि तिथे वसायला आलेल्या शेतकऱ्यांना दर वसंत ऋतूत एक भयंकर ताप गाठत असे. मनगटावर आणि घोट्यांवर पुरळ उठायचे, ते अंगभर पसरून काळे पडायचे. लोक त्याला काळा गोवर म्हणत. पुढे त्याचे शास्त्रीय नाव रॉकी पर्वतातला ठिपक्यांचा ताप असे झाले. त्या खोऱ्यात हा ताप झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसे दगावत. चमत्कारिक गोष्ट अशी की ताप नदीच्या पश्चिम तीरावरच होता, पूर्व तीरावर जवळजवळ नाही. कुणी वितळलेल्या बर्फाच्या पाण्याला दोष दिला, कुणी लाकूड गिरणीच्या भुशाला. नदीचे हे दोन तीर लक्षात ठेवा, पुढे दुसऱ्या एका नदीवर आपल्याला तेच दिसणार आहे.

१९०२ मध्ये विल्सन आणि चाउनिंग या दोघांनी गोचिडीवर बोट ठेवले, पण जंतू म्हणून जे दाखवले ते चुकीचे निघाले. टेक्सासच्या गुरांसारखा परजीवी असेल असे मनात धरून ते पाहत होते आणि त्यांना तोच दिसला. दोनच वर्षांत दुसऱ्या तज्ज्ञाने तो खोडून काढला, आणि त्यासोबत गोचिडीवरचा संशयही लोकांनी झटकून टाकला. खरे ते खोट्याच्या पाठीवर बसून आले की असे होते.

१९०६ च्या वसंतात शिकागो विद्यापीठातले हॉवर्ड टेलर रिकेट्स तिथे आले. त्यांनी रुग्णाचे रक्त गिनी पिगला टोचले; त्याला ताप आला. त्या आजारी प्राण्यावर एक गोचीड बसवली, ती काढून निरोगी प्राण्यावर बसवली. त्यालाही ताप आला. पुढे त्यांनी दाखवले की रानातून पकडलेल्या काही गोचिडी मुळातच जंतू बाळगून असतात, आणि बाधित मादीच्या अंड्यांतून तो पुढच्या पिढीत जातो. जैन घरात वाढलेल्या माणसाला त्या प्राण्यांच्या संख्या वाचताना जड जाते, ते इथे सांगून टाकतो. पण प्रयोगाची मांडणी इतकी स्वच्छ आहे की ती नाकारता येत नाही.

१९०९ मध्ये रिकेट्स यांना रुग्णांच्या रक्तात, गोचिडीत आणि तिच्या अंड्यांत बारीक दांडीसारखे जंतू दिसले. अडचण अशी की ते काही केल्या बशीत वाढेनात. त्या काळी जीवाणू म्हणजे जो मांसरसाच्या खळीवर वाढतो तो, अशी व्याख्याच होती. वाढत नाही म्हणजे पुरावा अपुरा. रिकेट्स यांनी स्वतःच्या शोधाबद्दल अतिशय सावधपणे लिहिले. १९१० मध्ये ते टायफसचा अभ्यास करायला मेक्सिको सिटीला गेले, त्यांना तोच आजार जडला, आणि ३ मे रोजी वयाच्या ३९ व्या वर्षी ते वारले. १९१६ मध्ये दा रोशा लिमा यांनी टायफसच्या जंतूला रिकेट्सिया प्रोवाझेकी हे नाव दिले. रिकेट्स आणि प्रोवाझेक हे दोघेही या तापाचा शोध घेता घेताच गेले होते.

तो जंतू बशीत का वाढत नाही, याचे उत्तर हार्वर्डचे बर्ट वोलबाख यांच्या १९१९ च्या प्रबंधात स्पष्ट झाले. तो पेशीच्या आत राहतो. माणसाच्या अंगात बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींत, आणि गोचिडीत तिच्या साऱ्या अवयवांत. जिवंत पेशी नसेल तर तो जगत नाही. म्हणून रुग्णाच्या रक्ताचा थेंब पाहून फारसे हाती लागत नव्हते. गोचिडीच्या अंगाचे पातळ काप रंगवले की जंतूंची दाटी दिसत होती. मला या साऱ्या इतिहासाचा कणा इथे दिसतो. माणूस गोचिडीचा अधूनमधूनचा, चुकून मिळालेला यजमान आहे. जंतूचे खरे घर तीच. घरमालक घरी सापडावा यात नवल नाही, पण शोधणारे बराच काळ पाहुण्याच्या खोलीतच चाचपडत होते.

हे काम करणाऱ्यांनी किंमत मोजली. थॉमस मॅकक्लिंटिक १९१२ मध्ये याच तापाने गेले. हॅमिल्टन गावाजवळच्या एका वापरात नसलेल्या शाळेत १९२१ पासून प्रयोगशाळा चालू होती. तिथले विल्यम गिटिंगर १९२२ मध्ये आणि जॉर्ज कोवन १९२४ मध्ये दगावले. तिथेच राल्फ पार्कर आणि रॉस्को स्पेन्सर यांना एक विलक्षण गोष्ट कळली. हिवाळाभर उपाशी राहिलेली बाधित गोचीड कुटून टोचली तर प्राण्याला काही होत नाही. तिला आधी रक्त पाजले की तोच जंतू जागा होऊन जीवघेणा ठरतो. अंगावरची गोचीड लवकर काढली तर बाधा टळते, असे आज डॉक्टर सांगतात. जंतू जागा व्हायला काही तास लागतात हे त्यामागचे एक कारण. स्पेन्सर यांनी गोचिडी कुटून, कार्बॉलिक आम्लात जंतू मारून लस बनवली आणि १९२४ च्या मे महिन्यात ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढे हॅमिल्टनला पक्की प्रयोगशाळा बांधायचे ठरले तेव्हा गावकरी बिथरले: गोचिडी पळून घरात आल्या तर? त्यांच्या समाधानासाठी इमारतीभोवती पाण्याचा चर खणण्यात आला. किल्ल्याभोवतीचा खंदक शत्रूला बाहेर ठेवतो, हा आत ठेवण्यासाठी होता. याच प्रयोगशाळेत हेराल्ड कॉक्स यांनी १९३८ मध्ये कोंबडीच्या अंड्यातल्या बलकपिशवीत रिकेट्सिया वाढवून दाखवला, आणि गोचिडी कुटण्याचे ते काम संपले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन गटाची औषधे आली तेव्हा कुठे या तापातला मृत्यूचा धाक ओसरला.

आता विली बुर्गडॉर्फर यांच्याकडे येऊ. हे स्वित्झर्लंडच्या बाझलचे. गोचिडीतून पसरणाऱ्या उलट्या-तापाचे मळसूत्री जंतू गोचिडीच्या कोणत्या अवयवात कधी पोहोचतात, यावर त्यांनी पीएच.डी. केली होती. हा ताप काही दिवस येतो, जातो, पुन्हा उलटतो. बुर्गडॉर्फर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हॅमिल्टनला आले. तिथे मळसूत्री जंतूंना आता कोण विचारतो अशी हवा होती, म्हणून त्यांनी बरीच वर्षे रिकेट्सियावर काम केले. १९७० मध्ये त्यांनी गोचीड तपासण्याची एक सोपी रीत प्रसिद्ध केली. गोचिडीच्या एका पायाचे टोक बारीक कात्रीने कापायचे. तिच्या अंगातला पाणीदार रस थेंबभर बाहेर येतो, तो काचपट्टीवर घ्यायचा, हिमेनेझ यांच्या पद्धतीने रंगवायचा. हिरवट पार्श्वभूमीवर लाल दांड्या दिसल्या तर गोचीड बाधित. या रीतीत गोचीड मरत नाही. लंगडी होते, पण जिवंत राहते आणि पुढच्या तपासणीला उपयोगी पडते. त्याआधी गोचिडी कुटून गिनी पिगला टोचून कित्येक दिवस वाट पाहावी लागे. कात्री आणि काचपट्टीने ते काम काही मिनिटांवर आणले.

इकडे अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, कनेक्टिकट राज्यातल्या लाइम गावात, पॉली मरे नावाची एक गृहिणी वर्षानुवर्षे आजारी होती. नवरा आजारी, मुले आजारी. कुणाचा गुडघा सुजतो, कुणाला पुरळ, कुणाला डोकेदुखी. डॉक्टरांना एकत्र काही जुळेना. शेवटी तिच्या मनाचाच खेळ असावा, असे तिला सुचवण्यात आले. बाईंनी तारीखवार नोंदी ठेवल्या. शेजारीपाजारी कुणाच्या मुलांना काय होते याची यादी केली. १९७५ मध्ये त्यांनी राज्याच्या आरोग्य खात्याला फोन केला; त्याच सुमारास गावातल्या दुसऱ्या एका आईनेही कळवले. ही यादी येल विद्यापीठातल्या ॲलन स्टीअर या तरुण डॉक्टरच्या हाती पडली, आणि त्यांनी ती गंभीरपणे घेतली. लाइम आणि आसपासच्या गावांत मिळून ५१ रुग्ण निघाले, त्यांतली ३९ मुले. काही रस्त्यांवर दहांत एका मुलाचे सांधे सुजलेले. इतक्या मुलांना एकाच ठिकाणी संधिवात होत नसतो. रुग्ण उन्हाळ्यात वाढत. चौथा हिस्सा लोकांना आठवत होते की आधी अंगावर एक वर्तुळ उठले होते, हळूहळू मोठे होत गेलेले. आणि कनेक्टिकट नदीच्या पूर्व तीरावर रुग्ण पश्चिम तीरापेक्षा अनेक पटींनी जास्त होते, गोचिडीही तशाच. पुन्हा नदीचा एकच तीर.

या वर्तुळाची नोंद युरोपात फार आधी झाली होती. स्वीडनचे त्वचारोगतज्ज्ञ आर्व्हिड अफझेलियस यांनी १९०९ मध्ये गोचीड चावल्यावर पसरत जाणारा असा चट्टा वर्णिला होता. १९४८ मध्ये तिथल्याच लेनहॉफ यांना अशा चट्ट्यात मळसूत्री जंतूंसारखे काही दिसल्याचे त्यांनी लिहिले. पुढे तिकडचे डॉक्टर त्यावर पेनिसिलिनही देऊ लागले. अटलांटिकच्या दोन काठांवर एकाच रोगाची दोन टोके पडून होती.

गाठ पडली ती १९८१ च्या शरद ऋतूत. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातले होर्हे बेनाख यांनी लाँग आयलंडजवळच्या शेल्टर बेटावरच्या गोचिडी बुर्गडॉर्फर यांच्याकडे पाठवल्या. बुर्गडॉर्फर त्यांत ठिपक्यांच्या तापाचा रिकेट्सिया शोधत होते. तो मिळाला नाही. पण दोन गोचिडींच्या रसात बारीक कृमी दिसले. ते आले कुठून हे पाहण्यासाठी त्यांनी गोचिडी फाडून आतडी तपासली. कृमींचा पत्ता लागला नाही, पण आतड्यात फिकट रंगलेले, लांबट, वेडेवाकडे वळलेले मळसूत्री जंतू दिसले. दुसऱ्या कुणाला ते कचऱ्यासारखे वाटले असते. या माणसाने तीस वर्षांपूर्वी आपल्या पदवीसाठी हेच पाहिले होते, आणि अफझेलियस-लेनहॉफ यांचे जुने लेखनही त्यांना ठाऊक होते. त्यांच्या लगेच लक्षात आले.

तपासलेल्या १२६ गोचिडींपैकी ७७ मध्ये, म्हणजे शंभरात ६१, हे जंतू निघाले. लाइमच्या रुग्णांच्या रक्तद्रवाने त्यांना ओळखले. सहकारी ॲलन बार्बर यांनी ते खास द्रवात वाढवले. जून १९८२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात लेख आला, पुढच्या वर्षी रुग्णांच्या अंगातूनही तेच जंतू मिळाले, आणि १९८४ मध्ये त्याला बोरेलिया बुर्गडॉर्फेरी हे नाव मिळाले. लाइममध्ये आधी बहुतेकांना गोचीड चावल्याचे आठवतच नव्हते, त्याचेही कारण उघड झाले. चावणारी बहुधा मधल्या वयाची पिलू-गोचीड असते, खसखशीच्या दाण्याएवढी. ती दिसणार कुणाला?

यापुढची तंत्रे मी भराभर सांगतो. जंतूच्या जनुकातला एक तुकडा लाखो पटींनी वाढवून ओळखणारी पीसीआर चाचणी लाइमच्या जंतूसाठी १९८९ मध्ये त्याच हॅमिल्टनच्या प्रयोगशाळेतून आली. करोनामुळे हे नाव आता घराघरांत माहीत आहे. तिचा सर्वांत सुंदर उपयोग इतिहासासाठी झाला. १९४० च्या दशकात लाँग आयलंडवर पकडलेल्या गोचिडी संग्रहालयातल्या बाटल्यांत पडून होत्या. १९९० मध्ये त्यांची तपासणी झाली. १३६ जुन्या नमुन्यांपैकी १३ मध्ये बोरेलियाचा अंश सापडला. म्हणजे पॉली मरे पहिल्यांदा आजारी पडल्या त्याच्या आधीपासून जंतू त्या रानात होता. ज्या कुणी त्या गोचिडी पकडून तारखेची चिठ्ठी लावून ठेवल्या, त्याला त्या चिठ्ठीची किंमत ठाऊक असणे शक्य नव्हते.

आता आपल्याकडे. कुमाऊँच्या डोंगरातल्या टायफससारख्या तापाचा संबंध गोचिडीशी असावा, असे जॉन मेगॉ यांनी १९१७ मध्ये ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये लिहिले. १९५० मध्ये कुत्र्याच्या अंगावरच्या तपकिरी गोचिडीतून भारतातला रिकेट्सिया वेगळा करण्यात आला. त्याच्या तापाला भारतीय टिक टायफस म्हणतात आणि महाराष्ट्रातूनही त्याच्या नोंदी झाल्या आहेत. तळहात-तळपायांवरचे पुरळ ही त्याची ठळक खूण. तरी ‘व्हायरल असेल, बघू’ म्हणून पहिले दिवस निघून जातात. लहान गावांतल्या लॅबमध्ये यासाठी आजही जी चाचणी होते ती वाईल-फेलिक्स, म्हणजे १९१६ सालची. ती रिकेट्सिया पाहतच नाही; प्रोटियस नावाच्या भलत्याच जीवाणूशी रक्तद्रव कसा वागतो त्यावरून अंदाज करते. पहिल्या आठवड्यात ती बहुधा काहीच सांगत नाही. औषध मात्र स्वस्त आणि खात्रीचे आहे, डॉक्सिसायक्लिन, आणि ते रिपोर्टची वाट न पाहता सुरू करायचे असते. मी इथे कुणाचीही मर्जी राखत नाही: असा रुग्ण माझ्याकडे आला की मी साबुदाण्यासारख्या गोळ्यांच्या बाटलीला हात लावत नाही, त्याच दिवशी चिठ्ठी देऊन इस्पितळात पाठवतो.

बेळगाव, गोवा आणि सिंधुदुर्गाच्या वाचकांना माकडतापाचा उल्लेख अपेक्षित असेल. तो विषाणूचा ताप आहे, जीवाणूचा नाही, म्हणून डॉक्सिसायक्लिन तिथे चालत नाही. पण शोधाची रीत तीच. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि मागोमाग माणसे तापली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या मंडळींना आधी पीतज्वराची शंका आली. मग त्यांनी रानातल्या गोचिडी गोळा करून, गटागटाने कुटून तपासल्या आणि विषाणू त्यांत मिळाला. तोच ताप २०१५ नंतर सत्तरी, दोडामार्ग आणि बेळगाव जिल्ह्यापर्यंत आला. काजूच्या बागांत कामाला गेलेले मजूर त्यात सापडले. बागेत पालापाचोळ्यात बसून बोंडे वेचायची, तिथेच जेवायचे, तिथेच आडवे व्हायचे. गोचिडीला याहून काय हवे?

एक सूचना करून थांबतो. आजकाल परदेशातल्या काही नातेवाइकांकडून कळते की अंगावर सापडलेली गोचीड डबीत घालून खासगी लॅबला पाठवता येते. रोग किती पसरला आहे हे मोजायला अशी तपासणी उत्तम. पण गोचिडीत जंतू निघाला म्हणून तुम्ही आजारी आहात असे होत नाही, आणि नाही निघाला म्हणून दुसरी, न दिसलेली गोचीड चावली नव्हती असेही होत नाही. गोचीड बारीक चिमट्याने कातडीला लागून धरा, सरळ ओढून काढा, तारीख लिहून ठेवा. रॉकेल, तेल, पेटती काडी लावू नका. पुढच्या दोन-चार आठवड्यांत ताप आला किंवा पुरळ उठले, तर ती तारीख डॉक्टरांना सांगा, त्यांनी विचारले नाही तरी.